वरच्या बर्थचा आवाज

बडोद्याला गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत हिंमतराव माने कुठे बसतात असं विचारलं तर फारसं कोणाला सांगता येणार नाही. ‘किचूडवाळा काका’ म्हटलं की मात्र चहावालासुद्धा हातातली किटली खाली न ठेवता हनुवटीने शेड दाखवतो. गाडीत कुठेतरी किचूड-किचूड वाजतंय, सर्व्हिस स्टेशनने हात टेकलेत, मालक वैतागलाय, अशी गाडी शेवटी इथे येते. हिंमतराव इंजिनाला हात लावत नाहीत. ब्रेक, क्लच, रंगकाम, काही नाही. ते फक्त गाडीतला आवाज काढून टाकतात.

हा कान बसबांधणीच्या एका कारखान्यात तयार झाला. तरुणपणी ते तिथे बसच्या सांगाड्यावर पत्रे ठोकायचे. तयार झालेली बस रस्त्यावरून फिरवून आणायची आणि कुठे काय वाजतं ते सांगायचं, हे काम कोणालाच नको असायचं. ते त्यांच्या गळ्यात पडलं आणि गळ्यातच राहिलं. कारखाना बंद झाला तेव्हा बरोबरचे लोक सावली गावाकडच्या नव्या कंपन्यांत गेले. हिंमतरावांनी एक शेड भाड्याने घेतली. मान्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या पागेत होते. खोगीर वाजलं तर स्वाराचा सुगावा लागतो, म्हणून पणजोबा बळवंतराव चामड्याला मेण चोळत बसायचे असं घरात सांगतात. हिंमतरावांना ही गोष्ट फारशी पटत नाही, पण गिऱ्हाइकाला सांगायला बरी पडते.

शेडमध्ये एका फळीवर स्प्रेचे डबे उभे असतात. रबराला आणि प्लास्टिकला सिलिकॉन, बिजागरीला पांढरं ग्रीस, अडकलेल्या बोल्टला गंज सोडवणारा, आणि जिथे धूळ चिकटून चालणार नाही तिथे कोरडा स्प्रे, जो लगेच वाळून मागे पातळ पांढरा थर ठेवतो. लाकडावर लाकूड घासत असेल तर साधी मेणबत्ती. प्रत्येक डब्याच्या तोंडाला बारीक लाल नळी. नवशिका माणूस डबा उचलतो आणि दिसेल तिथे फवारत सुटतो. आवाज जातो, पण कुठून गेला ते कळत नाही, आणि न कळता गेलेला आवाज परत येतो. म्हणून हिंमतराव एका वेळी एकाच जागेला हात घालतात. आधी जागा सापडली पाहिजे. सापडली की तिच्याभोवती खडूने गोल काढायचा, गाडीच्या मालकाला बोलवायचं, त्याचं बोट त्या गोलात ठेवायला लावायचं आणि तो भाग हलवायचा. मालकाने बोटाखाली आवाज अनुभवला, मान हलवली, की मगच स्प्रे. याला ते ‘जागा दाखवणं’ म्हणतात. जागा दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला गाडीची किल्ली परत दिली नव्हती.

शोधायची पद्धतही त्यांची स्वतःची. वसाहतीला आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी लेथ बंद, प्रेस बंद, सगळीकडे सामसूम. त्या दिवशी हिंमतराव गाडीच्या फरशीवर आडवे होतात, डोळे मिटतात, आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई गाडी चालवतात. खड्ड्यातून, गतिरोधकावरून, सावकाश. आवाज आला की हिंमतराव फरशीवर टिचकी मारतात, गाडी थांबते. पूर्वी यासाठी ड्रायव्हर ठेवले होते, पण ते गाडी चालवताना बोलायचे. कौशल्याबाई घरी बोलतात, गाडीत बोलत नाहीत.

शेजारच्या लेथवाल्याला याची फार गंमत वाटते. “काका,” तो एकदा आपल्या बायकोवरून ओरडला, “मारी बैरी पण बहु वाजे छे! एकाद स्प्रे आपो ने!”

“जो वाजतो त्याचा दोष नसतो रे,” कौशल्याबाईंनी काच खाली करून सुनावलं. “त्याच्यावर घासणारा कोण ते बघायचं असतं. तू ये उद्या. तुलाच फवारते.”

असं एकूण बरं चाललं होतं. दिवाळी उरकल्यावर दिघे सर त्यांचा कॅम्पर घेऊन आले.

शरच्चंद्र दिघे प्रतापगंजला राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या आणि आत फिरतं घर करून घेतलं. मध्ये छोटा ओटा, शेगडी, भांडी ठेवायचे खण, पाण्याची टाकी. मागच्या बाजूला आडवे दोन बर्थ. खालचा म्हणजे पेटीच, फरशीला बोल्टने आवळलेली. वरचा बाजूच्या भिंतीला दोन बिजागऱ्यांवर, दिवसा उचलून ठेवता येईल असा. वरच्या बर्थला एक लहान खिडकी.

“काय वाजतं, सर?” हिंमतरावांनी विचारलं.

“सगळंच वाजतं. ते तुम्ही बघालच. मी एकाच आवाजासाठी आलोय.” सरांनी वर बोट दाखवलं. “माझी पत्नी प्रेमला तिथे झोपायची. खिडकीसाठी. तिने कूस बदलली की बर्थ वाजायचा. ती गेली मागच्या वर्षी, आजारपणात. आवाज अजून येतो.”

“गाडी चालताना?”

“उभी असताना. वर कोणी नसताना.”

एखाद्या प्रदेशात पाऊस किती पडतो हे वर्गात सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. मग चष्मा काढून पुसला.

“हिंमतराव, मला भीती वाटते असं नाही. पण मला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीच्या खाली झोपता येत नाही. आम्हा दोघांचं लखपतला जायचं ठरलं होतं. कच्छचं टोक. आयुष्यभर मुलांना नकाशावर काठीने दाखवलं, पाहिलं कधीच नाही. ते लोखंड वाजत असेल तर मी जाईन. लोखंड नसेल तर ऋचा म्हणते तशी गाडी विकून टाकीन.”

“ऋचा म्हणजे मुलगी?”

“हो, पुण्याला असते.”

“आणि गाडी विकल्यावर?”

“मग काय. घरात बसेन.” त्यांनी किल्ली पुढे केली. “फक्त आवाज नुसता बंद करू नका. मला जागा दाखवा. तुम्ही दाखवता असं ऐकलंय.”

“दाखवीन,” हिंमतराव म्हणाले. त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. आवाज म्हणजे दोन वस्तू एकमेकींना घासणं. वस्तू आहेत म्हणजे जागा आहे.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी कॅम्पर फिरवला. सरांचं खरं होतं, सगळंच वाजत होतं. ओट्याखालचे खण लाकडावर लाकूड घासून कुरकुरत होते. त्यांच्या कडांना मेणबत्ती फिरवली. दाराचं रबर चुकचुकत होतं, त्याला सिलिकॉन. सिलिंडरचा पट्टा, टाकीची पकड, पडद्याची पट्टी, टेबलाचा घडीचा पाय. एकेक जागा सापडत गेली, एकेक खडूचा गोल उमटत गेला. या कामात एक गोष्ट नेहमीचीच आहे. एक आवाज गेला की त्याच्या मागे दडलेला ऐकू येतो, तो गेला की त्याच्याही मागचा. गाडी हळूहळू रिकामी होत जाते. संध्याकाळपर्यंत कॅम्पर इतका शांत झाला की पाण्याच्या टाकीतलं पाणी हललेलं कळत होतं.

वरचा बर्थ मात्र एकदाही वाजला नव्हता. खड्ड्यातून नेला, गतिरोधकावरून नेला, हिंमतरावांनी स्वतः वर चढून कुशी बदलून पाहिल्या. काही नाही. त्यांनी शेडसमोर गाडी उभी करायला लावली, इंजिन बंद करायला लावलं आणि ते पुन्हा फरशीवर आडवे झाले. कौशल्याबाई स्टिअरिंगवरच होत्या, पाठमोऱ्या. बाहेर ऊन उतरलं होतं. बाजवा स्टेशनकडून मालगाडी गेली, तिचा आवाज दूर जाऊन संपला.

मग आला. लांब किर्रर्र, जरा थांबून, शेवटी एक बारीक टक. अंगाचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जावा आणि मग स्थिर व्हावा, तसा.

“अहो,” कौशल्याबाई मागे न बघता म्हणाल्या, “परत वर कशाला चढलात? उतरा आता, तेवढी फळी टिकायची नाही.”

हिंमतराव फरशीवर होते. कौशल्याबाईंनी उत्तराची वाट पाहिली, मग आरशात बघितलं. आरशात त्यांना वरचा रिकामा बर्थ दिसला असणार आणि खाली फरशीवर हिंमतरावांचे पाय. त्या दार उघडून उतरल्या आणि चहाच्या टपरीकडे गेल्या. सुट्टीमुळे टपरी बंद होती, तरी त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून हिंमतरावांनी शिस्तीने काम सुरू केलं. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो आणि तडतडतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी गाडी दिवसभर सावलीत ठेवली, छतावर ओली पोती टाकली. आवाज आला. उंदीर, पाल, छताच्या पन्हाळीत कबुतर. सगळं उघडून पाहिलं. आवाज आला. मालगाडीच्या धक्क्याने असेल म्हणून मालगाडी नसताना ऐकलं. तेव्हाही आला. वेळ ठरलेली नव्हती, पण लेथ थांबले आणि वसाहत जरा निवांत झाली की तो येई.

मग त्यांनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक लोखंडावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. हवेतून जो आवाज बारीक येतो तो लोखंडातून ठणठणीत येतो. जागेच्या जितकं जवळ जावं तितका मोठा. ही युक्ती कधी चुकली नव्हती. त्यांनी टोक डाव्या बिजागरीवर ठेवलं आणि वाट बघत बसले.

आवाज आला, उघड्या कानाला स्पष्ट आला. स्क्रू-ड्रायव्हरमधून काहीच आलं नाही.

त्यांनी उजवी बिजागरी पाहिली. चौकट पाहिली, भिंत पाहिली, छताच्या पट्ट्या पाहिल्या, खालच्या पेटीचे बोल्ट पाहिले. प्रत्येक वेळी उघड्या कानाला किर्रर्र आणि टक, आणि लोखंडाला लावलेल्या कानाला शांतता. असला आवाज त्यांना माहीत नव्हता. हवेत असलेला आणि लोखंडात नसलेला.

शेवटी त्यांनी वरचा बर्थ उतरवला. बिजागऱ्यांसकट, सगळे बोल्ट काढून. गादी, फळी, चौकट, दोघांनी मिळून शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं. खालची पेटीसुद्धा सोडवली, उलटी करून बघितली. प्लायवूडचा खोका, बाकी काही नाही. ती पुन्हा आवळली. आता बर्थच्या जागी भिंतीवर बोल्टची रिकामी भोकं होती आणि ती लहान खिडकी. हिंमतराव दारात उभे राहिले. कौशल्याबाई आत आल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

आवाज आला. भिंतीला टेकवलेल्या फळीतून नाही. जिथे बर्थ होता त्या उंचीवरून, रिकाम्या हवेतून. लांब किर्रर्र, जरा थांबून टक.

“लावून टाका ते परत,” कौशल्याबाई म्हणाल्या. “पडेल.”

कोण पडेल हे हिंमतरावांनी विचारलं नाही. दोघांनी लगेच बर्थ उचलून जागेवर लावला.

घरी जेवताना कौशल्याबाईंनी विषय काढला. “सरांना सांगून टाका, नाही सापडली जागा म्हणून.”

“नाही सापडली म्हटलं तर ते काय समजतील?”

“जे आहे ते समजतील.”

“आणि गाडी विकतील. घरात बसतील.”

“बसू दे की. आपण बसतोच ना घरात?”

“आपण दोघं बसतो,” हिंमतराव म्हणाले.

त्यावर कौशल्याबाईंनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली, हवी का न विचारता. मग म्हणाल्या, “खरं सांगा. सरांची दया येतेय, का आजवर जागा दाखवली नाही असं एकदाही झालं नाही, ते मोडायला नको?”

हिंमतरावांनी भाकरी मोडली. “वरण दे,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात कधी न केलेलं काम केलं. वरच्या बर्थच्या डाव्या बिजागरीचा खिळा काढला, त्यावरचं सगळं ग्रीस थिनरच्या फडक्याने पुसून कोरडं केलं, विटेची चिमूटभर पूड टाकली आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला. बर्थवर हात दाबून पाहिला. काही नाही. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. आवाज मारणं त्यांना येत होतं. आवाज तयार करायला त्यांची दुपार गेली. शेवटी जे जमलं ते जाडं आणि खरखरीत होतं, नुसतं ‘कर्र’. मागचा टक त्यात नव्हता. सरांचा कान काही आपल्याइतका नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग खिशातून खडू काढला आणि बिजागरीभोवती गोल काढला. गोल नीट जुळला नाही. पुसून पुन्हा काढला.

सर सकाळी रिक्षाने आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत नवा टॉर्च. कौशल्याबाई शेडच्या कोपऱ्यात फडकी धूत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

“सापडली?” सरांनी दारातूनच विचारलं.

“या, दाखवतो.”

सर आत आले. खडूचा गोल बघून त्यांनी चष्मा सारखा केला. “एवढीशी जागा?”

“जागा एवढीशीच असते, सर. बोट ठेवा. मी बर्थ हलवतो. बोटाखाली लागेल.”

सरांनी बोट ठेवलं, वर्गात नकाशावर एखादं गाव दाखवावं तसं. हिंमतरावांनी बर्थच्या कडेला पंजा लावला. दाबायच्या आधी नेहमीच्या सवयीने त्यांनी क्षणभर श्वास रोखला.

किर्रर्र. जरा थांबून, टक.

“हाच!” सर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हाच तो. बोटाखाली लागला मला. हिंमतराव, अगदी इथे लागला!”

हिंमतरावांनी अजून बर्थ दाबला नव्हता.

त्यांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. तो कडेवर नुसता टेकलेला होता. मग त्यांनी दाबला, कारण दाबायचं ठरलं होतं. ‘कर्र’, बिजागरी वाजली. जाड, खरखरीत, परकी.

“आणि हा?” सरांनी विचारलं.

“तोच, सर. जरा जोरात दाबलं म्हणून.”

“म्हणजे लोखंडच.”

“लोखंडच.”

सरांनी बोट गोलात तसंच ठेवलं होतं. ते स्वतःशीच हसले. “बघा. वर्षभर मी काय काय विचार केले.”

हिंमतरावांनी पांढऱ्या ग्रीसचा डबा हलवला, लाल नळी बिजागरीच्या फटीत घातली आणि फवारा मारला. बर्थ दाबला, आवाज नाही. पुन्हा दाबला, नाही. मग दोघं कान देऊन उभे राहिले. दुसराही काही आवाज आला नाही. शेजारचे लेथ एव्हाना चालू झाले होते, त्यामुळे आला असता तरी कळला असता की नाही, सांगता येत नाही.

निघताना हिंमतरावांनी तो डबा सरांना दिला. “जवळ ठेवा. परत वाजलं तर तिथेच एक फवारा. जास्त नको, गादीला डाग पडेल.”

“परत वाजेल?”

“लोखंड आहे, सर. हवा बदलली की वाजतं.”

“बरोबर,” सर म्हणाले. “तिकडची हवा खारी.” त्यांनी किल्ली घेतली, कौशल्याबाईंना नमस्कार केला आणि गाडी काढली. गतिरोधकावरून जाताना कॅम्पर इतका शांतपणे गेला की चहावाल्याने वळून बघितलं. कौशल्याबाईंनी पिळलेलं फडकं पुन्हा पिळलं.

“दाखवलीत जागा?”

“दाखवली.”

“मी इथून ऐकलं,” त्या म्हणाल्या. “पहिला तुमचा नव्हता.”

सरांचा पहिला फोन कच्छातल्या मांडवीहून आला. आवाज खुशीत होता. समुद्राची माहिती दिली, भरती-ओहोटीची दिली, तिथल्या लाकडी जहाजांची दिली. “आणि हिंमतराव, एकदम शांत! खाली आडवा झालो तो सकाळीच उठलो. वर्षभरात अशी झोप नाही.” हिंमतरावांनी फोन ठेवला आणि दिवसभर बरं वाटल्यासारखं काम केलं. एका मोटारीच्या डॅशबोर्डातली किरकिर त्यांनी झटक्यात शोधली, गोल काढला, मालकाचं बोट ठेवलं. मात्र बर्थवर ठेवलेला आपला पंजा मधूनमधून त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिला. हल्ली ते भाग हलवताना मालकाला सांगू लागले होते, “आता हलवतोय बघा. आता.”

दुसरा फोन लखपतहून. रेंज मध्येच तुटत होती. किल्ल्याच्या बाहेर गाडी लावली आहे, समोर नुसतं सपाट पांढरं, माणूस नाही, झाड नाही. नकाशात इथे एक ठिपका असतो, तो ठिपकासुद्धा जास्तच वाटतो, असं सर सांगत होते.

“आणि वाजायला लागलं परत,” ते म्हणाले. “खारी हवा. तुम्ही म्हणालातच. पण आता काही वाटत नाही मला. रोज संध्याकाळी एक फवारा मारतो, तेवढ्यावर भागतं. माहीत असलं की किती फरक पडतो बघा.”

“फवारा मारला की थांबतं?”

“थांबतं की. मी मारतो, मग म्हणतो, झोप आता.” सर हसले. “सवय लागली बोलायची. बिजागरीशी.”

हिंमतरावांनी ग्रीसचे आणखी डबे कुरियरने पाठवले, लखपतला जे सर्वांत जवळचं पोचवायचं ठिकाण होतं तिथे. सरांनी परतायचं नाव काढलं नाही. ऋचाचा पुण्याहून एकदा फोन आला. बाबा इतके खूश कधी नव्हते, तुमचे आभार मानायचे होते, ती म्हणाली.

तिसरा फोन आला तेव्हा कौशल्याबाई शेडमध्येच होत्या. हिंमतरावांचे हात ग्रीसने भरलेले होते, म्हणून कौशल्याबाईंनीच फोन स्पीकरवर टाकला.

“जय श्री कृष्ण, हिंमतराव. एक विचारायचं होतं.” सरांचा स्वर तोच, वर्गातला. “परवापासून दोन वाजतात. एक वरचा, तो माहीतच आहे. तो वाजला की थोड्या वेळाने खालून वाजतं. खालच्या बर्थमधून. तसंच. किर्र आणि टक.”

“तुम्ही आडवे होता तेव्हा?”

“नाही हो. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो, चहा घेऊन. सूर्य बुडताना बघत. आत कोणी नसतं. आधी वर वाजतं, मग खाली. वर, मग खाली.” फोनमध्ये वारा भरला, मग सरांचा आवाज परत आला. “तर खालच्या बर्थलाही बिजागरी आहे का? मला दिसली नाही. दिसली तर तिथेही मारीन.”

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खालची पेटी दोघांनी मिळूनच सोडवली होती, उलटी केली होती, पुन्हा आवळली होती.

“आहे, सर,” हिंमतराव म्हणाले. “आतल्या बाजूला आहे. दिसत नाही.”

“मग गादी उचलून कडेने मारू?”

“मारा. कडेने मारा.”

“बरं झालं विचारलं,” सर म्हणाले. “आता थंडी आहे, मी आतच जातो.” आणि फोन तुटला.

कौशल्याबाईंनी फोन फळीवर, डब्यांच्या शेजारी ठेवला. “खालच्याला बिजागरी नाही.”

“माहीत आहे.”

“बोलवून घ्या त्यांना. आजच.”

“बोलवून काय दाखवू?”

संध्याकाळी हिंमतरावांनी सरांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. ऋचाला लावला, तिने सांगितलं की तिकडे रेंज अशीच येते-जाते, काळजी करू नका काका, कालच बोलले माझ्याशी, छान होते.

पुढच्या सुट्टीपर्यंत सरांचा फोन लागला नाही. त्या दिवशी वसाहत नेहमीसारखी बंद होती. शेडसमोर एक मोठी मोटार उभी होती. मागच्या सीटमध्ये काहीतरी वाजतं, अशी मालकाची तक्रार. कौशल्याबाई स्टिअरिंगवर जाऊन बसल्या आणि वाट बघू लागल्या. हिंमतरावांनी मागचं दार उघडलं, आत बघितलं, पण आडवे झाले नाहीत. ते शेडमध्ये गेले आणि त्यांनी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. सुट्टीच्या दिवशी त्या शेडमध्ये कॉम्प्रेसर कधी लागत नसे. घरघर पत्र्यावर आदळून सगळीकडे भरली. आता गाडीत काही वाजलं तरी कळणार नव्हतं.

कौशल्याबाई गाडीच्या आरशात बघत होत्या, मागच्या सीटकडे. त्यांनी काच खाली केली आणि काहीतरी म्हणाल्या. त्यांचे ओठ हललेले हिंमतरावांना दिसले. कॉम्प्रेसर चालू होता, त्यामुळे ऐकू आलं नाही. तो बंद करायला ते पुढेही झाले नाहीत.